आई वाकली

आमच्या घराला दार नव्हतं. शिंगणापुरात तेव्हा कोणाच्याच घराला नसायचं, त्यामुळे त्यात वेगळं काही आहे हे मला लग्न होऊन नेवाशाला गेल्यावर कळलं. सासूबाईंनी संध्याकाळी आतून कडी सरकवली आणि मला गुदमरल्यासारखं झालं. आमच्याकडे चौकट होती, उंबरा होता, चौकटीवरचं बाभळीचं लाकूड धुरानं काळं पडलेलं आणि इतकं खाली होतं की थोरल्या माणसाला वाकल्याशिवाय आत येता येत नसे. नव्हत्या त्या फक्त फळ्या. कुत्रं घुसू नये म्हणून खालच्या अंगाला एक झाप आडवा लावायचा, बास. बाहेरगावचे लोक येतात, फोटो काढतात, काय हा विश्वास म्हणून मान हलवतात. दार नसलेल्या घरात चोरी होत नसेल, पण ज्या बाईवर सगळ्या गावाचा डोळा आहे तिला रडायलाही आडोसा मिळत नाही, हे त्या फोटोत येत नाही.

अण्णांचं थोडं रान होतं, त्यात ऊस. शनिवारी आणि अमावस्येला ते देवळाच्या वाटेवर ताडपत्रीखाली तेल, नारळ आणि रुईच्या पानांच्या माळा घेऊन बसत. माळा आईच्या हातच्या. सकाळी उठलं की पहिला आवाज कानावर यायचा तो रुईचे देठ मोडण्याचा. देठ मोडला की पांढरा चीक गळतो. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो, असं आम्हाला चालायला लागण्याआधीपासून बजावलेलं. आई बोटांना गोडेतेल लावून बसायची आणि गप्पा मारता मारता माळ पुरी करायची. तिला गप्पा फार लागत. शेजारच्या घरात माझी चुलती, नानी, राहायची. भिंत एक, अंगण एक. दोघी जावा भांडायच्या त्याही हातातलं काम न थांबवता, आणि भांडण मिटलं हे कळायचं ते एकीच्या घरून दुसरीकडे वाटीभर कालवण गेलं की.

मी अजून शाळेत जात होते, त्या वर्षी कुरडयांचा घाट आमच्या घरी होता. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर सुटलेला, आई मोठ्या पातेल्यात त्याचा चीक हाटत होती आणि मी वाटी घेऊन शेजारी ठाण मांडून बसले होते. गरम चिकावर कच्चं तेल आणि मीठ घालून खायचं, हे सुख ज्यानं घेतलं नाही त्याला मी काय सांगू? मग आई सोऱ्या आणि पातेलं घेऊन शिडीनं घराच्या धाब्यावर गेली. जुन्या धोतरावर ओळीनं कुरडया घातल्या. उतरताना तिच्या एका हातात रिकामं पातेलं होतं. पातेलं खणखणत अंगणात आलं आणि पाठोपाठ आई. ती उताणी पडली ती नेमकी धुण्याच्या दगडावर, डोक्याच्या मागच्या बाजूनं. रक्त फारसं नव्हतं. म्हणूनच आम्हाला वाटलं की थोडक्यात निभावलं.

नगरच्या दवाखान्यात ती शुद्धीवर आली तेव्हा उन्हं खिडकीतून थेट खाटेवर पडली होती. मी तिच्या तोंडासमोर बसले होते.

"कुरडया उतरवल्या का गं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "सुमे, तू हायेस कुठं?"

अण्णांच्या डोक्यात पहिल्यापासून रुईचा चीकच बसला होता. शिंगणापूरचा माणूस दुसरं काय समजणार? इतकी वर्षं बाई रुईत हात घालतेय, आज ना उद्या हे व्हायचंच होतं, असं ते जो भेटेल त्याला सांगत. पडण्याचा आणि दिसण्याचा काही संबंध असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही, कारण मार लागला होता मागे आणि डोळे असतात पुढे. घरी येऊन जरा सावरल्यावर ते तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विजेरी मारली, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. "डोळे ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "बाहुली उजेडाला हलतेय, आतला पडदा स्वच्छ आहे. यांना दिसायला पाहिजे." मग अण्णांना बाजूला घेऊन हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल इतपत, म्हणाले, "बायका कधीकधी मनाला लावून घेतात. कामाला लावा, विसरतील." डोक्याच्या आतला फोटो काढता येतो हे तेव्हा आमच्या कानावरही नव्हतं. डॉक्टर त्यांच्या माहितीप्रमाणे बोलले असतील. पण त्या एका वाक्यानं आमच्या घराचं वाटोळं केलं, आणि ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

डोळे चांगले आहेत ही बातमी आमच्या आधी गावात पोचली. शिंगणापुरात आंधळं होण्याला एक वेगळा अर्थ होता. इथे चोरी करणाऱ्याचे डोळे जातात, असं जुनी माणसं सांगत. त्यामुळे सुरुवातीला लोक आईला विचारायचे, कुणाचं काही उचललं होतं का गं, आठवून बघ. आई जीव तोडून सांगायची की मी कुणाची काडी घेतली नाही. आता डोळे चांगलेच असल्याचं कळल्यावर चोरीचा आळ गेला आणि त्याजागी सोंगाचा आला. कामचुकार आहे, नवऱ्याला नाचवतेय. या दोन्हींच्या मध्ये उभं राहायला तिला जागाच नव्हती.

आणि वाईट हे की तिच्या वागण्यात तसं काहीतरी होतं. मी रात्रंदिवस तिच्याजवळ, मलाही ते दिसत होतं. मी चहाचा कप न बोलता पुढे धरला तर कधी तिचा हात हवेत चाचपडायचा आणि कधी सरळ येऊन कपाच्या कानाला लागायचा. अंगणात वासरू आडवं बसलेलं असलं तर ती त्याला वळसा घालायची, आणि मी विचारलं की म्हणायची, "कुठलं वासरू?" मला दिसतं, असं ती चुकूनही म्हणाली नाही. तिच्या लेखी सगळा अंधार होता. नानीनं एकदा चाललेल्या आईच्या वाटेत गुपचूप पाटा आणून ठेवला. आई त्याच्या बाजूनं गेली. नानी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "बगितलंस?" ती म्हणाली. "आता तूच सांग मला, हे काय हाय?" माझी आई खोटं बोलत नव्हती, हे मला भाकरीच्या वासासारखं पक्कं माहीत होतं आणि ते सिद्ध करायला माझ्याजवळ काहीही नव्हतं.

अण्णा आईवर कधी हात उगारणारे नव्हते. ते फक्त गप्प होत गेले. जेवायला बसले की ताटाकडे न बघता आईकडे बघत, आणि आईला ते बघणं कळायचं. एके दिवशी तिनं माळ खाली ठेवली.

"अवो, मला देवापुढं न्या," ती म्हणाली. "मी आन घेते. मंग तरी तुमचं मन ऱ्हाईल का?"

"शनिदेवाची आन हाय," अण्णा म्हणाले. "खेळ न्हाई. खोटी पडली तर घर बुडंल."

"खोटी पडायला मी खोटं बोलत आसन तर ना?" आई म्हणाली आणि पडल्यापासून पहिल्यांदा हसली. तिच्या आवाजात अशी उमेद होती की मला वाटलं, सुटलो.

शनिवारी सकाळी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. नानीनं स्वतःचं ठेवणीतलं हिरवं लुगडं आणून तिला नेसवलं. नानी वाईट बाई नव्हती, हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कोणी मला तसं म्हणालं असतं तर मी त्याला चावले असते. अण्णा ओल्या वस्त्रानं देवाच्या चौथऱ्यावर चढले. बायकांना तेव्हा वर जाता येत नसे, म्हणून आई खाली उभी राहिली, ओंजळीत तेल घेऊन. भोवती गावातले लोक होते, बरेचसे आमचेच. कढईत तळल्या जाणाऱ्या भज्यांचा वास, तेलाचा वास आणि घंटेचा आवाज. आई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "देवा, मला दिसत न्हाई. काडीचंबी दिसत न्हाई. मी खोटं बोलत आसन तर माजा जीव घे, पोरीला हात लावू नको." तेल तिच्या बोटांमधून कोपरांपर्यंत ओघळलं. नानी पदर तोंडात धरून रडायला लागली. अण्णा खाली उतरले आणि सगळ्यांदेखत त्यांनी आईचा हात धरला. आमच्याकडे नवराबायको असे चारचौघांत हात धरत नसत. मला इतका आनंद झाला की मी उड्या मारत होते.

परत निघालो. अण्णांना कोणीतरी हाक मारली म्हणून ते वळले आणि आईचा हात त्यांनी माझ्या हातात दिला. वाटेवर दोन्हीकडे दुकानांची पालं होती. एका पालाचा बांबू वाटेवर आडवा आला होता, माणसाच्या गळ्याइतक्या उंचीवर. मी त्याच्या खालून सरळ गेले, माझं डोकं तिथवर पोचतच नव्हतं. माझ्या मागून आई आली. तिनं मान खाली घातली, खांदे थोडे वाकवले, बांबूखालून पार झाली आणि पुन्हा ताठ झाली. एखादी बाई आपल्या घरात जाताना वाकते तशी, काही विचार न करता.

"आगं, दिसतंय की तुला!" नानी ओरडली. तिच्या आवाजात आनंदच होता. देवानं आण ऐकली आणि डोळे दिले, असंच तिला त्या क्षणी वाटलं असणार. पण मागून एका म्हातारबाबाचा आवाज आला, "आत्ताच आन घेतली ना हिनं, दिसत न्हाई म्हनून?" सगळे जागच्या जागी थांबले. भजी तळणाऱ्याचा झारासुद्धा थांबला.

"काय झालं?" आई म्हणाली. "सुमे, काय झालं? का थांबली सगळी?"

"तू वाकलीस," मी म्हटलं.

"मी? कुठं?"

अण्णा आले. त्यांनी तिला खांद्याला धरून मागे नेलं, बांबूच्या अलीकडे उभं केलं आणि म्हणाले, "परत चाल." आईला आता कळलं होतं की पुढे काहीतरी आहे. वाकावं तर दिसतं म्हणणार, न वाकावं तर लागणार. मग ती ताठ मानेनं चालली आणि बांबू तिच्या गळ्यावर बसला. "बगा, आता मुद्दाम आपटून घेतीया," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. मी त्या माणसाला शोधून दगड मारला. तो लागला की नाही आठवत नाही.

गावानं आईला वाळीत वगैरे टाकलं नाही. अण्णांनीही माहेरी धाडलं नाही. त्यांनी फक्त तिच्याशी बोलणं सोडलं, आणि देव घरावर काय आणतो याची वाट बघत राहिले. ऊस वाळला की ते आईकडे बघत. म्हैस आटली की आईकडे बघत. पण खरा घाव दुसराच होता. आईचा स्वतःवरचा विश्वास उडाला. मी वाकले असेन तर मला दिसलं असणार, आणि दिसलं असेल तर मी देवापुढं खोटं बोलले, एवढं साधं गणित होतं ते. ती मला जवळ घेऊन विचारायची, "सुमे, खरं सांग. मला दिसतं का गं?" आंधळ्या माणसानं डोळसाला विचारावं की मला दिसतं का, आणि डोळसाला ते सांगता येऊ नये, ही वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

मग तिनं एक मार्ग काढला. अंगानं आपोआप काही करायचंच नाही. वाकावंसं वाटलं की वाकायचं नाही. पाय बाजूला पडू लागला की दाबून सरळ टाकायचा. चौकटीचं काळं लाकूड रोज तिच्या कपाळावर बसायला लागलं. टेंगूळ आलं, फुटलं, त्यावर हळद लावली, त्याच जागी पुन्हा आपटलं. एकदा तिनं तव्यावर हात टेकवला आणि काढला नाही. मी ओढून काढला. "हात मागं येत हुता गं," ती रडत म्हणाली. "मी येऊ दिला न्हाई. आता तरी मी खरी का न्हाई?" मी तिला बुक्क्या मारल्या, तिच्या गळ्यात पडले, पुन्हा बुक्क्या मारल्या. समोरच्या घरातली माणसं आपापल्या चौकटीत येऊन बघत उभी होती. आम्हाला लावून घ्यायला दार नव्हतं.

तोडगा मला सुचला, आणि तो कसा सुचला ते मला सांगता येणार नाही. मी तिच्या पुढे चालायला लागले आणि मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायला लागले. "उंबरा!" "वासरू, डावीकडं हो!" "आई, वाक!" मी सांगितलं म्हणून ती वाकली, तर त्यात खोटं काही नाही. दिसलं म्हणून नाही, लेकीनं सांगितलं म्हणून. आई पहिल्यांदा चौकटीपुढे थांबली, माझं "वाक" ऐकलं आणि वाकली, आणि आत जाऊन भिंतीला पाठ लावून किती तरी वेळ नुसती बसून राहिली. त्या दिवसापासून मी तिचं तोंड झाले. माझी शाळा कायमची सुटली. माझ्याबरोबरच्या मुली सातवीची परीक्षा देत होत्या तेव्हा मी अंगणात "वाक, वाक" करत होते. त्याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. का वाटू नये?

माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांत मोठा प्रश्न हाच होता की आता वाक कोण म्हणणार. तो नानीनं सोडवला. "मी म्हनंन," ती म्हणाली. "ती खरी का खोटी मला ठावं न्हाई. तोंडानं वाक म्हनायला माजं काय जातंय?" आणि ती मरेपर्यंत म्हणत राहिली, स्वतः काठी टेकायला लागल्यावरसुद्धा. तिच्यामागून तिची सून म्हणू लागली. अण्णा नानीच्या आधी गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आईला खाटेजवळ बोलावलं, इतक्या वर्षांनी तिच्याशी बोलले आणि म्हणाले, "मी तुला माफ केलं." न केलेल्या गुन्ह्याची माफी आईनं दोन्ही हात जोडून घेतली. मी तिथे उभी होते आणि मला ओरडायचं होतं, पण मरणाऱ्या माणसावर काय ओरडायचं?

गेल्या दिवाळीनंतर आईला चक्कर यायला लागली म्हणून मी तिला नगरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची डॉक्टरीणबाई. आईला बाहेर बाकावर बसवलं होतं. डॉक्टरीणबाईनं डोक्याचा फोटो उजेडात धरला, मागचा भाग बोटानं दाखवला आणि सहज विचारलं, "आजींना फार वर्षांपासून दिसत नाही ना?"

तिनं आईचे डोळे पाहिले नव्हते. आईलाच पाहिलं नव्हतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या हमसून रडले. ती बिचारी घाबरली, पाणी मागवलं. मग मी सगळं सांगितलं, कप, वासरू, पाटा, बांबू. ती मध्ये एकदाही हसली नाही. म्हणाली, डोळा नुसता बघतो, पण आपल्याला दिसलं हे समजतं ते डोक्याच्या मागच्या भागात. आजींचा तो भाग पडल्या तेव्हाच मेला. पण डोळ्यातून आत जाणारी वाट एकच नसते. एक जुनी, लहान वाट खालच्या खाली निघते आणि थेट अंगाला सांगते, हात पुढे कर, मान खाली घाल. ती शाबूत राहिली. ती माणसाला काही कळवत नाही, त्यामुळे त्याच्या लेखी अंधारच असतो. "त्या खोटं बोलत नव्हत्या," ती म्हणाली. "त्यांना खरंच दिसत नव्हतं, आणि त्या खरंच वाकल्या." मग तिनं आईला आत बोलावलं, समोर एक बोट धरून विचारलं, "आजी, नुसता अंदाज करा, माझा हात कुठल्या बाजूला आहे?" आईनं ओठ घट्ट मिटले. कितीही विनवलं तरी बोलली नाही. बरोबर उत्तर आलं तर पुन्हा सापडू, ही भीती एवढ्या वर्षांनीही तिच्या चेहऱ्यावर उभी होती.

शिंगणापूरच्या गाडीत मी तिला सगळं समजावलं, एकदा, दोनदा. ती हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत ऐकत होती. घोडेगाव मागे गेल्यावर तिनं विचारलं, "मंजी माजी आन खरी हुती?"

"खरी होती, आई."

"आसं फोटूत आलंय?"

"फोटोत आलंय."

ती बाहेर तोंड करून बसली. मग म्हणाली, "त्येन्ला कुनी सांगायचं आता?" अण्णा तर केव्हाच गेले होते.

घरी पोचलो. चौकट तीच, लाकूड तेच. गावात आता काही ठिकाणी काचेची दारं आली आहेत, पण आईनं बसवू दिलं नाही. मी मुद्दाम मागे राहिले. म्हटलं, आता हिला कोणी काही म्हणणार नाही, आता तिचं अंग तिला मोकळं झालं, एकदा तरी आपली आपण वाकू दे. आई उंबऱ्यापर्यंत गेली. तिची मान किंचित खाली गेलेली मी पाहिली. मग तिनं ती पुन्हा वर घेतली आणि तिथेच उभी राहिली. समोरच्या घरातली एक सून भांडी घासता घासता बघत होती.

"सुमे," आई म्हणाली, "म्हन की गं."

मी म्हटलं, "वाक."

आई वाकली आणि आत गेली.